क्लीन चिट मिळाली तरी कँटीनमधली कुजबुज थांबत नाही, नोकरी सोडू का?

पत्र (थोडं छोटं केलंय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

ताई, नमस्कार. मी ३४ वर्षांचा, नाशिकजवळ एका कंपनीत मेंटेनन्सला शिफ्ट सुपरवायझर आहे. दीड वर्षापूर्वी माझ्या शिफ्टला क्रेनचा बेल्ट तुटला आणि उचललेला जॉब, म्हणजे जड लोखंडी भाग, एका हेल्परच्या पायावर पडला. पाय वाचला पण तो आता लंगडत चालतो. इन्क्वायरी झाली, बेल्टच्या टेस्टिंगची तारीख उलटून गेली होती आणि तो स्टोअरमधून तसाच दिला गेला होता असं निघालं. मला साहेबांनी केबिनमध्ये बोलवून सांगितलं की तुझ्यावर काही नाही, कामाला लाग. पण लोकांच्या डोक्यातून जातच नाही. एक सीनियर फिटर आहेत, त्या दिवशी त्यांनीच जॉब उचलून हेल्परला बाहेर काढलं, ते अजून नवीन पोरांना सांगतात की याच्या घाईमुळे झालं. त्या हेल्परला भेटायला मी एकदाही गेलो नाही, गेलो तर म्हणतील बघा, मनात पाप आहे म्हणून आला. चाकणला नोकरी मिळतेय, पगार थोडा जास्त आहे. बायको म्हणते चल. वडील म्हणतात आत्ता सोडलीस तर कबुली दिल्यासारखं होईल. तुम्ही रेसिंगवर पण लिहिता म्हणून एक विचारतो, परवा रात्री इटलीतल्या मोन्झा सर्किटवरच्या १९७८ च्या अपघाताचा व्हिडिओ बघितला. त्यात ज्या इटालियन ड्रायव्हरवर खापर फोडलं त्या पात्रेसेचं पुढे काय झालं?

उत्तर:

अरे, तू शेवटी सहज विचारल्यासारखं विचारलंयस पण पत्राचा खरा प्रश्न तोच आहे असं मला वाटतं, म्हणून तिथूनच सुरू करते, आणि व्हिडिओत अर्धंच दिसतं त्यामुळे जरा सविस्तर सांगते, कंटाळा आला तर चहा करून ये.

१० सप्टेंबर १९७८. रिकार्डो पात्रेसे तेव्हा २४ वर्षांचा. पादुआचा पोरगा, १९७४ चा कार्टिंगचा वर्ल्ड चॅम्पियन, १९७६ ला फॉर्म्युला थ्रीचा युरोपियन चॅम्पियन, १९७७ ला मोनॅकोला शॅडो टीमकडून एफ वनमध्ये (फॉर्म्युला वन) आला आणि १९७८ ला ॲरोज नावाच्या एकदम कोऱ्या टीममध्ये गेला. त्या टीमच्या दुसऱ्याच रेसला, साऊथ आफ्रिकेत, हा बाबा चक्क लीड करत होता आणि जिंकता जिंकता इंजिन गेलं. म्हणजे पोरगं फास्ट होतं यात वादच नाही. पण फास्ट असण्याबरोबर उर्मट पण होतं, कुणाला जागा द्यायची नाही, मागचा कितीही मोठा असू दे. त्याच वर्षी स्वीडनला त्याने रॉनी पीटरसनला, त्याच्याच घरच्या रेसला, शेवटपर्यंत अडवून धरलं आणि केसाच्या अंतराने दुसरा आला, पीटरसन तिसरा. पीटरसन भयंकर चिडला होता. हे लक्षात ठेव, पुढे लागणार आहे.

आता मोन्झाचा स्टार्ट. तिथे ग्रिडची जागा खूप रुंद आणि पुढे जाऊन रस्ता एकदम निमुळता होतो, नरसाळ्यासारखा. त्या दिवशी मागच्या रांगेतल्या गाड्या अजून थांबल्या पण नव्हत्या, हळूहळू पुढे सरकत होत्या, तोवर स्टार्टरने हिरवा दिवा दिला. पुढचे जागेवरून निघाले आणि मागचे चालत्या गाडीतून निघाले, म्हणजे मागच्यांना आधीच वेग होता, सगळे त्या निमुळत्या तोंडाशी एकदम जाऊन भिडले. पात्रेसे उजवीकडून बरेच जण मागे टाकून आत शिरला, जेम्स हंट नावाच्या इंग्लिश ड्रायव्हरची मॅक्लारेन पीटरसनच्या लोटसला लागली, लोटस रेलिंगवर आपटली, आग लागली आणि मागून एकामागोमाग एक गाड्या आदळत गेल्या. हंट म्हणाला पात्रेसे माझ्या अंगावर आला म्हणून मी सरकलो. पात्रेसे म्हणाला मी तोवर पुढे निघून गेलो होतो. पीटरसनला जळत्या गाडीतून बाहेर काढणाऱ्यांमध्ये हा हंटच होता. पीटरसनच्या दोन्ही पायांची हाडं मोडली होती, मिलानला रात्री ऑपरेशन झालं, सगळ्यांना वाटलं वाचला, पण हाडातली चरबी रक्तात गेली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो गेला.

आणि मग नाव हवं होतं. घाईने दिवा देणारा स्टार्टर होता, मोन्झाचा तो निमुळता रस्ता होता, मदत पोचायला लागलेला वेळ होता, पण यातलं कुठलंच उचलून लोकांपुढे उभं करता येत नाही. पात्रेसेला करता येत होतं. मोठमोठे ड्रायव्हर एकत्र झाले आणि पुढच्या रेसला, अमेरिकेत वॉटकिन्स ग्लेनला, आयोजकांना सांगितलं की हा असेल तर आम्ही नाही. त्याची एंट्रीच घेतली नाही. कोर्ट नाही, इन्क्वायरी नाही, थेट बंदी. त्याच्या पुढच्या रविवारी मॉन्ट्रियलला तो परत गाडीत बसला आणि चौथा आला. मला त्याच्या सगळ्या करिअरमधली ही रेस सगळ्यात जास्त आवडते खरं तर, जिंकलेल्या सहापेक्षा पण. त्या पॅडॉकमध्ये, म्हणजे टीम जिथे तळ ठोकतात तिथे, कोण त्याच्याशी बोललं असेल विचार कर.

तिकडे इटलीत त्याच्यावर आणि स्टार्टरवर फौजदारी केस चालली. निकाल लागला १९८१ मध्ये, दोघंही निर्दोष सुटले. म्हणजे तीन वर्षं हा माणूस वीकेंडला तीनशेच्या स्पीडने गाडी चालवत होता आणि डोक्यावर एका माणसाच्या मृत्यूची केस. आणि निकालानंतर काय झालं? काही नाही. हंट पुढे बीबीसीवर कॉमेंट्री करायला लागला आणि टीव्हीवर पात्रेसेची गाडी दिसली की तोच राग, वर्षानुवर्षं. निकाल लागला, कागद झाला, तरी हंटच्या तोंडून ते गेलं नाही. १९९३ ला हंट वारला तोपर्यंत त्याचं मत बदललं नव्हतं.

म्हणून तुला आधीच सांगते, तुझे फिटर काका बदलतील याची वाट बघू नकोस. ते खोटं बोलतायत असं पण मी म्हणणार नाही. ज्या माणसाने स्वतःच्या हाताने ओरडणाऱ्या पोराला लोखंडाखालून काढलंय त्याच्या डोक्यात ते चित्र कायम आहे आणि त्या चित्राला "स्टोअरच्या रजिस्टरमध्ये तारीख उलटून गेली होती" हे कारण पुरत नाही, त्याला माणूस लागतो. तो माणूस तू झालास. अन्याय आहेच. पण त्यांना पटवण्यात तू अजून एक वर्ष घालवलंस तर ते वर्ष तुझं जाईल, त्यांचं नाही.

आता स्वीडनचं काय, तर तिथे जरा कडू बोलते. पात्रेसेवर खापर का चिकटलं? कारण त्याच्याबद्दल लोकांच्या मनात आधीच खातं उघडलेलं होतं. मोन्झात त्याची चूक नव्हती पण "हा असाच आहे" हे म्हणायला स्वीडन होतं, बाकीच्या रेसमधल्या तक्रारी होत्या. तुझे काका "घाईमुळे" म्हणतात. हा शब्द त्यांनी अपघातानंतर शोधला की आधीपासून तुझ्यामागे होता? शिफ्ट संपायच्या आधी जॉब उरकायचा, चल चल चल, बेल्ट बघू नंतर, असं तुझं होतं का? मला माहीत नाही, तुला माहीत आहे. बेल्ट स्टोअरने दिला हे खरं, पण उचलायच्या आधी त्यावरचा तारखेचा टॅग वाचायची सवय तुझ्या शिफ्टमध्ये होती का हे पण खरंच विचार. दोष कबूल कर असं म्हणत नाहीये मी, इन्क्वायरीने जे सांगितलं ते सांगितलं. पण कुणालाही सांगायला न जाता, पोस्टर न लावता, उद्यापासून तुझ्या शिफ्टला एकही बेल्ट टॅग वाचल्याशिवाय हुकला लागणार नाही एवढं कर. तारीख गेलेला दिसला तर तिथेच बाजूला काढ, स्टोअरला परत पाठव आणि रजिस्टरमध्ये लिही. नवीन पोरं काकांचं ऐकतात तशी तुझे हात पण बघतात.

पात्रेसेचं पण तसंच झालं, भाषण देऊन नाही. १९९० पर्यंत तोच पोरगा पॅडॉकमधला सगळ्यात शांत, सगळ्यांना हवाहवासा सीनियर झाला होता, आणि लगेच झालेला नाही हे मुद्दाम सांगते कारण मधली वर्षं फार वाईट होती. १९८३ चं इमोला तर ऐकच. घरची रेस, संपायला पाच-सहा लॅप, फेरारीचा ड्रायव्हर पॅट्रिक तांबे याला ओव्हरटेक करून लीड घेतली आणि थोडं पुढे जाऊन आक्वे मिनेराली नावाच्या वळणावर गाडी बाहेर घालवली. आणि इटलीचं पब्लिक खूष! नाचायला लागलं! कारण आता फेरारी जिंकणार. स्वतःच्या देशातला माणूस आपटला म्हणून टाळ्या. (फेरारीचे फॅन हा वेगळाच विषय आहे, मी पण त्यातलीच आहे त्यामुळे गप्प बसते.) त्याच वर्षाच्या शेवटी साऊथ आफ्रिकेला जिंकला आणि मग पुढची विन कधी तर मे १९९०. साडेसहा वर्षं! मध्ये दोन वर्षं अल्फा रोमिओ, जी गाडी धड शेवटपर्यंत जायची नाही, मग परत त्याची आधीची टीम ब्राबहम, तेव्हा ती उतरणीला लागलेली. १९८७ च्या शेवटी विल्यम्स टीमच्या मॅन्सेल या ड्रायव्हरला दुखापत झाली म्हणून त्यांनी पात्रेसेला शेवटच्या एका रेसला घेतलं आणि तिथून त्याची गाडी रुळावर आली. तोवर बऱ्याच लोकांनी त्याला संपलेला धरलं होतं.

आणि १९९० ची ती विन कुठे? इमोलाला. तेच सर्किट, तेच पब्लिक. १९८९ आणि १९९१ ला चॅम्पियनशिपमध्ये तिसरा, १९९२ ला दुसरा, मॅन्सेलच्या मागे, आणि मागे म्हणजे लांब मागे हां, मॅन्सेलचे १०८ पॉइंट आणि याचे ५६, उगाच गोड करून सांगत नाही. १९९३ ला बेनेटनमध्ये तरुण शूमाकर टीममेट, त्याच्यापुढे काही चाललं नाही, वर्षाच्या शेवटी थांबला. एकूण २५६ रेस, तेव्हाचा रेकॉर्ड, तो थेट २००८ मध्ये बारिकेल्लोने मोडला. ज्याला एका रेसला उतरू दिलं नव्हतं त्याच्याच नावावर पंधरा वर्षांहून जास्त काळ सगळ्यात जास्त रेसचा रेकॉर्ड होता.

वर्ल्ड चॅम्पियन नाही झाला. हे पण सांगायला हवं. "पुढे काय झालं" याचं उत्तर फिल्मी नाहीये.

आता तुझं. वडील म्हणतात सोडलीस तर कबुली, बायको म्हणते चल, आणि दोघंही तुझ्या काळजीने बोलतायत पण दोघांनी प्रश्न एकच धरलाय, लोक काय म्हणतील. वडिलांना वाटतं गेलास तर बोलतील, बायकोला वाटतं राहिलास तर बोलतील. दोन्ही खरं आहे, बोलणारच आहेत. त्यामुळे लोकांना या हिशोबातून बाहेर काढ आणि मग उरतं काय ते बघ. पगार थोडा जास्त म्हणतोस, थोडा म्हणजे किती? चाकणला भाडं किती जाणार, बायकोची नोकरी असेल तर तिचं काय, मुलं असतील तर शाळा, आई-वडील नाशिकलाच राहणार का, तिथे पोस्ट सुपरवायझरचीच आहे की नाव मोठं आणि काम तेच, परमनंट की कॉन्ट्रॅक्ट? यातलं एकही तू लिहिलं नाहीस. सगळं पत्र काकांवर आणि नोकरीवर अर्धी ओळ. त्यावरून मला वाटतं तू नोकरी बघत नाहीयेस, बाहेरचा दरवाजा बघतोयस.

पण जायचं असलं नसलं तरी एक काम आधी कर, आणि हे मी हट्टाने सांगतेय. साहेबांनी केबिनमध्ये बोलवून सांगितलं म्हणतोस. तोंडी? अरे दीड वर्ष झालं आणि तुझ्याकडे कागद नाही? एचआरला दोन ओळींचा मेल टाक, अमुक तारखेच्या अपघाताच्या चौकशीत माझ्याबाबत काय निष्कर्ष निघाला ते कृपया लेखी द्यावं, बस, त्यात काकांचं नाव नको, तक्रार नको, रडणं नको. मेल साहेबांना कॉपीत ठेव. आठवड्याभरात काही आलं नाही तर स्वतः जाऊन विचार, अर्ज देऊन पोच घे. साहेब उद्या बदलून जातील, मग "तुझ्यावर काही नाही" हे वाक्य कुणाच्या तोंडून वदवणार? पात्रेसेची केस तीन वर्षं चालली पण शेवटी त्याच्याकडे कोर्टाचा निकाल होता, हंट काहीही बोलला तरी कागद एका बाजूला उभा. तो केस चालू असताना ॲरोजमध्येच राहिला, निकाल १९८१ चा आणि ब्राबहममध्ये गेला १९८२ च्या सीझनला. आता निकालामुळेच गेला असं मी म्हणत नाही, टीम बदलायला शंभर कारणं असतात, पण जाताना तो कोरा होऊन गेला एवढं नक्की. तू पण कागद हातात घेऊन जा. चाकणवाल्यांनी आधीच्या कंपनीत फोन केला आणि तो नेमका अर्धवट माहिती असलेल्या माणसाने उचलला तर? बॅकग्राउंड चेक आजकाल सगळेच करतात.

आणि ब्राबहमवरून आठवलं, तिथे गेल्यावर पहिली विन कशी मिळाली ती ऐक, जरा हस. मोनॅको १९८२, शेवटचे तीन लॅप, पाऊस भुरभुरतोय. प्रॉस्ट लीडवर, आपटला. पात्रेसे पहिला. लगेच पुढच्या लॅपला लोज हेअरपिनला गाडी गोल फिरली आणि बंद पडली. झालं, संपलं. गाडी धोक्याच्या जागी उभी म्हणून मार्शलनी ढकलली, तिथे उतार आहे, उतारावर याने गिअर टाकून गाडी चालू केली, आपण गावाकडे बंद पडलेली जीप चालू करतो तशी, आणि निघाला. तोवर पिरोनी पुढे गेला होता, तो बोगद्यात बंद पडला. दे चेझारिसचं पेट्रोल संपलं. डेलीची गाडी आधीच ठोकून ठोकून मोडकळीला आलेली, तिचा गिअरबॉक्स गेला. पात्रेसेने फिनिश लाइन ओलांडली तेव्हा त्याला वाटत होतं आपण दुसरे-तिसरे असू, जिंकल्याचं नंतर कळलं. व्हिडिओ मिळतो, मोन्झाचा परत परत बघण्यापेक्षा हा बघ. रात्री झोपायच्या आधी अपघात बघायची सवय लागलीय तुला, पत्रावरून दिसतंय, ती मोड. झोप येत नसेल, छातीत धडधडत असेल, क्रेनचा आवाज आला की अंगावर काटा येत असेल तर डॉक्टरकडे जा. शॉप फ्लोरवर असा अपघात बघितलेल्या माणसाला हे होतं, आणि समुपदेशकाकडे जाणं म्हणजे वेड लागणं नाही हे तुझ्या वडिलांना मी सांगायला तयार आहे.

एक राहिलंच, आणि ते मला तुझ्या पत्रात सगळ्यात जास्त खटकलं. त्या हेल्परकडे गेला नाहीस. का तर लोक म्हणतील. अरे, पाय कुणाचा अधू झाला? त्या पोराला दीड वर्षात वाटत असेल की सुपरवायझर साहेब साधं विचारायला पण आले नाहीत, आणि त्याच्या घरच्यांना तर काकांचंच खरं वाटत असणार, त्यांना दुसरं सांगणारं आहे कोण? या रविवारी जा. आधी फोन कर, विचार येऊ का म्हणून, नाही म्हणाला तर त्याचा मान ठेव. हो म्हणाला तर बायकोला घेऊन जा, फळं-बिळं ने, आणि तिथे बेल्ट, स्टोअर, इन्क्वायरी यातलं काही काढू नकोस. पाय कसा आहे, काय काम देतायत, ईएसआयसीचे (कामगार विम्याचे) पैसे सगळे मिळाले का, एवढंच विचार. कायमचं अपंगत्व राहिलं असेल तर ईएसआयसीकडून दरमहा मिळायला पाहिजे, त्यासाठी मेडिकल बोर्डापुढे जावं लागतं, आणि बरेच हेल्पर कॉन्ट्रॅक्टरमार्फत असतात, त्यांचं हे सगळं अर्धवट राहतं. तुला फॉर्म भरता येतात, साहेबांशी बोलता येतं, त्याला कदाचित येत नसेल. अडलेलं असेल तर ते मार्गी लाव. माफी मागावीशी वाटली तर माग, "मी त्या दिवशी तिथे होतो आणि नंतर आलो नाही, चुकलं" एवढीच, कारण ते तरी शंभर टक्के तुझंच आहे.

चाकणवाल्यांकडून उत्तरासाठी तीन आठवडे मागून घे. नोटीस पिरियडचं कारण सांग, देतात. तेवढ्यात एचआरचा कागद येतो का बघ, भाड्याचा आणि पगाराचा हिशोब बायकोबरोबर बसून वहीत मांड, तोंडी नको. हिशोब जमला तर बिनधास्त जा, वडिलांना मी वर लिहिलंय ते वाचून दाखव. नाही जमला तर तुझ्या शिफ्टला परत, टॅग वाचत. काका समोर आले तर नमस्कार करायचा आणि पुढे जायचं.